वाचकांचे प्रश्न: नक्षी आहे हो, पण टायर कितव्या वर्षात आहे?

मागच्या अंकात एका ओळीत म्हटलं होतं की मोठ्या गाडीच्या टायरबद्दल काही अडलं असेल तर विचारा. त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्मी एकाच गोष्टीबद्दल होती, गाडीसोबत आलेले कंपनीचे टायर नक्की काढायचे कधी. पाच पत्रं घेतोय. पहिल्याला जागा जास्त दिली आहे कारण तसली गाडी बऱ्याच जणांच्या दारात उभी आहे, आणि उभी आहे हाच तर प्रॉब्लेम आहे.

कोल्हापूरहून एक वाचक विचारतात: सर, आमची फॉर्च्युनर फोर बाय फोर आहे, सप्टेंबर २०१९ ला घेतलेली, ४३ हजार किलोमीटर झालेत. वडिलांची गाडी आहे, ते फार बाहेर काढत नाहीत, लग्नकार्य, जोतिबा, नरसोबाची वाडी आणि कधीतरी पुणे. टायर कंपनीतून आलेलेच, एकही बदललेला नाही. गेजने मोजलं तर पुढे ४.८ आणि मागे ५.२ मिमी नक्षी आहे, टायरवर २६१९ असा नंबर आहे. सर्व्हिसिंगला गेलो की दरवेळी चारही बदला म्हणून मागे लागतात, ७०-८० हजार सांगतात. वडील म्हणतात हा यांचा धंदा आहे, टायर अजून तीस हजार सहज जातील. मे महिन्यात नागपूरला लग्न आहे, शिर्डीपासून समृद्धीने जायचंय, गाडीत सात माणसं. बदलू का थांबू?

दादा, आधी वडिलांची बाजू घेतो. या मापाच्या हायवे टायरला नवीन असताना साधारण ८ मिमी नक्षी असते, तुमची ५ च्या आसपास आहे, म्हणजे ४३ हजारात ३ मिमी गेली. हे फार छान आहे, हवा वेळेवर बघितली जातेय आणि चालवणारा माणूस शांत आहे असं त्यावरून दिसतं. कायदा तर १.६ मिमीपर्यंत चालवू देतो, सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्समधला ९४ वा नियम आहे तो. खोबणीच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात आणि टायरच्या खांद्यावर टीडब्ल्यूआय किंवा बाणासारखी खूण असते, नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर कायद्याने बाद. मी मात्र ३ मिमीला काढा म्हणतो, का ते पुढे रत्नागिरीच्या काकांच्या उत्तरात येईल. तरीसुद्धा तुमच्याकडे २ मिमी शिल्लक राहते, आणि आत्तापर्यंतच्या हिशोबाने ते २८ हजार किलोमीटर होतात. म्हणजे वडिलांनी खुर्चीत बसून काढलेला तीस हजारांचा अंदाज काही उगाच नाही.

आता हेच गणित किलोमीटरऐवजी वर्षांत मांडून बघा. तुमची गाडी वर्षाला साडेसहा हजाराच्या आसपास चालते. २८ हजार व्हायला अजून सव्वाचार वर्षं लागतील. २६१९ म्हणजे २०१९ सालचा २६ वा आठवडा, जूनचा शेवट, गाडी घरी यायच्या आधीच टायर तीन महिन्यांचा होता. आज तो सात वर्षाला टेकलाय. त्यात सव्वाचार मिळवा. वडिलांच्या हिशोबाने टायर काढाल तेव्हा तो अकरा वर्षांचा असेल!

टायर कंपन्या साधारण असं सांगतात की पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणत्या माणसाकडून टायर तपासून घ्या, आणि दहा वर्षं झाली की नवाकोरा दिसला तरी काढून टाका, स्टेपनीसकट. गाड्या बनवणाऱ्या काही कंपन्या याहून कडक आहेत, त्या सहा वर्षांवर बोट ठेवतात. तुम्ही या सहा आणि दहाच्या मधल्या पट्ट्यात आहात, तिथे नुसती तारीख बघून निर्णय होत नाही, टायर प्रत्यक्ष बघावा लागतो आणि पुढे त्याच्याकडून काय काम करून घ्यायचंय ते बघावं लागतं.

टायर बसून का म्हातारा होतो हे बऱ्याच जणांना पटत नाही, चालवलाच नाही तर झिजेल कसा म्हणतात. झिजत नाही, वाळतो. रबरात ओझोनपासून वाचवणारी द्रव्यं आणि एक प्रकारचं मेण घातलेलं असतं, टायर फिरताना दबतो-सुटतो त्याने ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं आणि एक पातळ थर धरतं. गाडी महिना महिना एका जागी उभी राहिली की हे होत नाही, वरून ऊन, खालून तापलेली फरशी आणि दोन टनांच्या पुढचं वजन त्याच एका ठिकाणी. मग रबर कडक होतं आणि बारीक चिरा पडायला लागतात. रोज पळणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाडीचे टायर या वयापर्यंत पोचतच नाहीत, ते आधीच गुळगुळीत होऊन निघतात. घरच्या मोठ्या गाड्यांचं उलट आहे, नक्षी शाबूत आणि रबर मेलेलं. म्हणून तर माणूस फसतो.

गाडी एका रविवारी उन्हात काढा, टायर साध्या पाण्याने धुवा. ते काळंकुळीत चकचकीत करणारं पॉलिश लावलं असेल तर आधी घासून काढा, त्याच्याखाली चिरा लपतात. मग बाजूची भिंत नीट बघा, रिमच्या कडेजवळ आणि अक्षरांच्या आसपास, आणि नक्षीच्या खोबणीच्या तळाशी. अंगठ्याने दाबून चीर उघडते का बघा. केसासारख्या वरवरच्या रेषा असल्या तर लगेच घाबरायचं नाही, पण नख अडकेल अशी चीर असली, किंवा खोबणीच्या तळाशी गोल फिरत गेलेली चीर दिसली, तर विषय संपला. आतली बाजूही बघायची, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या चाकांची आतली भिंत दिसते, मागच्यासाठी खाली वाकावं लागेल. एखाद्या टायरवर तारखेचे आकडे सापडले नाहीत तर गोंधळू नका, पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो आणि नेमकी ती बाजू आत गेलेली असते.

आता समृद्धी. शिर्डी ते नागपूर ५२० किलोमीटर, सरळसोट सिमेंटचा रस्ता, कारला १२० ची परवानगी, मे महिना, विदर्भातलं ऊन, सात माणसं आणि वर लग्नाचं सामान. तुमच्या टायरने आत्तापर्यंत असलं काम कधी केलेलंच नाही हो! जोतिबाचा घाट तीस-चाळीसच्या स्पीडने चढणं वेगळं आणि चार-पाच तास १०० च्या वर न थांबता पळणं वेगळं, टायर फुटतो तो बहुतेक वेळा उष्णतेने, आणि ती उष्णता टायरच्या भिंती सतत वाकण्यातून तयार होते, म्हणजे वेग जास्त, वजन जास्त आणि हवा कमी असं तिन्ही एकत्र आलं की वयस्कर टायर हात टेकतो. आरटीओने या रस्त्याच्या एन्ट्रीवर टायर तपासून गोटा झालेल्या गाड्या परत पाठवल्या होत्या त्या काही मजा म्हणून नाही. पण गंमत बघा, तुमची गाडी त्या तपासणीत आरामात पास होईल कारण नक्षी ५ मिमी आहे.

तर माझं उत्तर: मेच्या आधी चारही बदला. कोल्हापूर-जोतिबाच करायचं असतं तर मी म्हटलं असतं की चिरा नसतील तर अजून एक वर्ष काढा, दर तीन महिन्यांनी बघत राहा. या प्रवासासाठी नाही म्हणणार. आणि सर्व्हिसिंगवाले धंदा करतायत हे खरं असेलही, तुम्ही त्यांच्याकडून घेऊ नका, बाहेर तीन दुकानांत भाव काढा. सप्टेंबर २०२५ पासून नवीन टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, त्यामुळे जुना भाव कोणी तोंडावर फेकला तर तेवढं विचारा.

घेताना चारही टायरचा आठवडा-वर्षाचा नंबर स्वतः वाचा, सहा महिन्यांच्या आतला माल मागा, "सर, स्टॉकमधला आहे, एकदम फ्रेश" यावर जाऊ नका. बिलावर टायरचे सिरीयल नंबर लिहून घ्या, टायरची वॉरंटी टायर कंपनीकडे असते, गाडीच्या वॉरंटीत ती येत नाही. माप २६५/६० आर १८ (मिमीत रुंदी, रुंदीच्या किती टक्के भिंतीची उंची, आणि इंचात रिम) असेल तर त्याच्या पुढचं ११० एच पण बघा. ११० म्हणजे एका टायरवर १०६० किलोपर्यंत वजन आणि एच म्हणजे २१० पर्यंतचा वेग. आकडा याच्या खाली गेलेला घ्यायचा नाही, दुकानदार कितीही म्हणाला की काय फरक पडतो. बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा बेताने चालवा, साच्यातून निघताना लावलेला तेलकट थर घासून जायला लागतो. म्हणजे टायर लग्नाच्या आदल्या दिवशी नाही, पंधरा दिवस आधी टाका.

आणि स्टेपनी. तीही २०१९ चीच आहे, गाडीखाली लटकलेली, तिला नक्षी पूर्ण ८ मिमी आहे म्हणून घरचे तिला नवीन समजत असतील. माझंच सांगतो. आमच्या जुन्या गाडीची स्टेपनी नऊ वर्षांची होती, कधी जमिनीला लागलेली नाही, उंब्रजच्या अलीकडे पंक्चर झालं म्हणून ती लावली आणि खुशाल ९० ने निघालो, तीस-पस्तीस किलोमीटर गेलो असेन आणि मागून ठाप ठाप ठाप आवाज, थांबून बघतो तर टायरवरची नक्षीची पट्टी अर्धी सुटून मडगार्डला बडवत होती. आत हवा तशीच! माणसं वाचली, मडगार्ड गेलं. तेव्हापासून स्टेपनीची तारीख मी आधी बघतो. तुमचं बजेट असेल तर पाच टायर घ्या. नसेल तर जुन्या चारांतला सगळ्यात बरा स्टेपनी म्हणून ठेवायच्या फंदात पडू नका, तो पण त्याच वयाचा आहे. आहे ती स्टेपनी राहू द्या, पण घरात सगळ्यांना सांगून ठेवा की ही लावली तर ५०-६० च्या स्पीडने जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच जायचं.

नायट्रोजनचं पत्रात खाली विचारलंय म्हणून, भरला तर चांगलंच, पण साध्या हवेत मुळात ७८ टक्के नायट्रोजनच असतो. हवा कोणती यापेक्षा किती आहे ते बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगवेगळा असेल तर भरलेल्याचा धरा, सकाळी निघायच्या आधी थंड टायरला. पुढे दुपारी जालन्याच्या आसपास बघाल तर चार-पाच पीएसआय वाढलेलं दिसेल, ते तसंच होतं, घाबरून हवा सोडू नका.

पुण्याहून एक वाचक विचारतात: माझी एक्सयूव्ही ७०० आहे, दोन वर्षं झाली, २४ हजार किलोमीटर. रोज वारजे ते हिंजवडी. मागच्या आठवड्यात हवा भरणाऱ्या दादांनी दाखवलं की पुढचे दोन्ही टायर आतून पूर्ण गेलेत, बाहेरून बघितलं तर नवीन वाटतात. दुकानदार म्हणाला दोन टाका. दोन वर्षांत टायर कसे जातात? कंपनीने हलके टायर दिलेत का?

ताई, त्या हवा भरणाऱ्या दादांना चहा पाजा. गाडी आतून टायर खातेय हे घरच्या माणसाच्या कधीच लक्षात येत नाही, कारण आपण उभ्याने बघतो आणि उभ्याने फक्त बाहेरचा खांदा दिसतो.

टायर हलका नाही, अलाइनमेंट गेलीय, म्हणजे चाकं सरळ रेषेत राहिलेली नाहीत. तुमच्या रोजच्या रस्त्यावर किती खड्डे, किती चेंबरची झाकणं आणि किती बेकायदा स्पीडब्रेकर आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, मोठी गाडी असली की आपण ते जाणवून घेत नाही, उंच आहे म्हणून तशीच नेतो. चाक एखादा अंश जरी आत-बाहेर झालं की टायर पुढे लोळत न जाता प्रत्येक फेरीला थोडा घासत जातो, बारा-पंधरा हजारात आतला खांदा साफ. त्यात तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर ओढायचं, वळायचं आणि बरंचसं ब्रेकिंगचं काम पुढचेच टायर करतात.

झीज कुठे आहे यावरून कारण कळतं. मधला पट्टा जास्त गेला तर हवा जास्त भरलेली होती, दोन्ही खांदे गेले आणि मध्ये नक्षी राहिली तर हवा कमी होती, एकच खांदा गेला तर अलाइनमेंट, आणि हात फिरवल्यावर उंचसखल लाटा लागल्या तर शॉकअप किंवा बुशिंगचं काहीतरी आहे. म्हणून नक्षी मोजायची तर एका जागी मोजू नका, आत, मध्ये, बाहेर अशा तीन ठिकाणी, आणि जी सगळ्यात कमी येईल तीच त्या टायरची नक्षी. बाहेर ६ आणि आत १ असेल तर सरासरी साडेतीन नाही हो काढायची! टायर १ मिमीचा आहे.

आतून तारा दिसायला लागल्या असतील तर आजच काढा, हिंजवडी उद्या. दोनच टाकायचे असतील तर टाका, दोन वर्षांच्या गाडीला चार टाकायची गरज नाही, पण क्रम असा ठेवा. आधी सस्पेंशन तपासून घ्या, एखादा बुश किंवा लिंक रॉड गेला असेल तर तो बदला, मग टायर, मग लगेच अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. उलटं केलंत तर पुढच्या वर्षी परत पत्र पाठवाल. अलाइनमेंटचं प्रिंट आधीचं आणि नंतरचं दोन्ही मागून घ्या, बरेच जण नुसती गाडी मशीनवर चढवून उतरवतात.

दुसरं म्हणजे नवीन दोन टायर मागे जातील आणि मागचे चांगले असलेले पुढे येतील. दुकानदार म्हणेल पुढे टाका, सगळे तसंच टाकतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की बरेचदा सावरते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि ती आपल्यासारख्या साध्या ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. एक अपवाद, तुमची गाडी चारही चाकं फिरवणारी एडब्ल्यूडी असेल तर पुढच्या-मागच्या टायरच्या नक्षीत मोठा फरक चालत नाही, आतली यंत्रणा उगाच गरम होत राहते, मॅन्युअल बघा, बहुधा चारही घ्यावे लागतील.

आणि इथून पुढे दर ८-१० हजाराला टायर पुढचे मागे, मागचे पुढे फिरवायला सांगा. सर्व्हिसिंगच्या बिलात लिहिलेलं असतं, केलेलं असतंच असं नाही. वाटल्यास एका टायरवर खडूने खूण करून गाडी द्या.

रत्नागिरीहून एक वाचक विचारतात: स्कॉर्पिओ एन आहे, ५१ हजार झाले, साडेतीन वर्षांची गाडी. सगळीकडे सारखी साडेतीन मिमी नक्षी आहे. मुलगा म्हणतो दिवाळीत बदलू, पावसाळ्यात नवीन टायर कशाला चिखलात घालायचे. महिन्यातून दोनदा आंबा घाटाने कोल्हापूरला जावं लागतं.

काका, मुलाला सांगा की छत्री पण दिवाळीत घेऊ.

पावसाळ्यातच तर नक्षी लागते. कोरड्या रस्त्यावर कमी नक्षीचा टायर काही वाईट धरत नाही, थोडा जास्तच रबर रस्त्याला टेकतो. खोबणी आहेत त्या पाणी बाजूला फेकायला, साठच्या-ऐंशीच्या स्पीडला टायरखालचं पाणी क्षणात कुठेतरी जायला पाहिजे, खोबणीत जागा नसेल तर टायर पाण्यावर चढतो आणि गाडी तरंगत जाते, स्टिअरिंग हलकं झालं असं वाटतं तो हाच प्रकार. ही पकड १.६ मिमीला एकदम जात नाही, ती ३ च्या खाली उतरायला लागली की झपाट्याने जायला लागते, म्हणून मी ३ धरतो. कोकणात राहणाऱ्याने तर मुळीच खाली जाऊ नये. तुमची नक्षी जूनला साडेतीन असेल तर ऐन गणपतीच्या गर्दीत ती तीनच्या जवळ आलेली असणार.

मेच्या शेवटी बदला. जे पैसे दिवाळीत जाणार होते ते चार-पाच महिने आधी गेले, एवढाच तोटा, त्या बदल्यात नवीन टायरचा पहिला पावसाळा तुम्हाला पूर्ण नक्षीने मिळतो. दिवाळीत टाकले असते तर पुढच्या जूनपर्यंत ते सात-आठ महिने कोरड्यावर झिजून आले असते. बाकी ५१ हजार म्हणजे टायरने तुमचे पैसे फेडले, घाटाच्या वळणांवर दोन टनांची गाडी इतके दिवस धरून ठेवणं सोपं नाही.

सोलापूरहून एक वाचक विचारतात: सफारी आहे, टायर फक्त ११ हजार चाललेत. खड्ड्यात आदळली आणि टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलाय. हवा कमी होत नाही. पंक्चरवाला म्हणतो आतून पॅच मारून देतो. चालेल का? इन्शुरन्समध्ये मिळेल का?

चालणार नाही. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत आणि बाहेरच्या रबराने एकट्याने हवा धरून ठेवलीय, ती कधी सोडेल ते त्यालाच माहीत. नक्षीच्या भागातल्या खिळ्याला आतून मशरूम पॅच मारणं ठीक, गाडीच्या टायरच्या बाजूच्या भिंतीला भरवशाची दुरुस्ती नाही. स्टेपनी लावा आणि दुकानात जा. तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलीय का तेवढं बघा, काही गाड्यांना स्टेपनी लहान मापाची दिलेली असते.

साध्या पॅकेज पॉलिसीत एकट्या टायरचं नुकसान मिळत नाही. त्याच दणक्यात गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळतं, टायर प्रोटेक्टचं वेगळं ॲड-ऑन घेतलं असेल तर त्यातलं कलम वाचा. ११ हजारच चाललाय म्हणून जोडीला दुसरा नवीन घ्यायची गरज नाही, त्याच कंपनीचा तोच पॅटर्न एक आणा. रिम वाकलीय का तेही बघून घ्या, बरेच जण हे विसरतात आणि नवीन टायरमधून महिन्याभराने हवा जायला लागते.

नाशिकहून एक वाचक विचारतात: नवीन स्कॉर्पिओ एन मागच्या महिन्यात घेतली. कंपनीचे २५५/६० आर १८ टायर एकदम साधे दिसतात. मित्र म्हणतात लगेच विकून टाक आणि २६५/६५ आर १८ ऑल टेरेन टाक, गाडीला लुक येईल. करू का?

मित्रा, लुक येईल, त्यात वाद नाही. बाकीचं ऐकून घे. तुझा आत्ताचा टायर उंचीला साधारण ७६३ मिमी आहे, मित्रांनी सांगितलेला ८०२, म्हणजे ५ टक्के मोठा. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ च्या आसपास असेल, समृद्धीवरच्या कॅमेऱ्याला ते कारण सांगून चालत नाही. पिकअप आणि ब्रेक दोन्ही थोडे सुस्त होतील, पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासतोय का ते बघावं लागेल, आणि इन्शुरन्स कंपनीला न कळवता केलंस तर क्लेमच्या वेळी तो मुद्दा निघू शकतो. ऑल टेरेनच्या जाड ठोकळ्यांचा हायवेवर आवाज येतो, डिझेल जास्त जातं, आणि ओल्या डांबरावर सगळेच चांगले धरतात असं नाही.

कंपनी देते तो टायर बहुतेक वेळा शांत आणि ॲव्हरेज देणारा निवडलेला असतो, दिसायला साधा असतो हे खरंय. आठवड्यातून एकदा शेतात, हरिहर गडाच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यावर जात असशील तर ऑल टेरेनला अर्थ आहे, तेव्हा मूळ मापातच घे किंवा फार तर २६५/६० आर १८, त्यात फरक दीड टक्क्याचाच पडतो. फक्त कॉलेज रोडवरून फिरायचं असेल तर हे टायर आधी घासून संपव. आणि विकायचेच ठरवलंस तर आत्ताच, शून्य किलोमीटरचे म्हणून विकले जातील तेव्हाच वीक, सहा महिन्यांनी दुकानदार त्याच टायरला निम्मेही देणार नाही.